तापलेल्या गाडीचे दुखणे



वर्धापनदिनाच्या दिवशी मी मोटारीच्या इंजिनावर बोलणार आहे असे चिटणीसबाईंनी जाहीर केले, तेव्हा मागच्या सतरंजीवर थोडे हसू पिकले. ते स्वाभाविक आहे. पण एक आठवण करून देते. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास १८८८ साली एका बाईनेच केला. जर्मनीतील बेर्टा बेन्झ ही आपल्या यजमानांनी बनवलेली गाडी घेऊन, दोन मुलग्यांसह, मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

सगळी मोटार मी सांगणार नाही. मला ती येतही नाही. एकच दुखणे सांगते. सकाळी गाडी एका किल्लीत सुरू होते, तीस-चाळीस किलोमीटर सुरेख धावते. मात्र वाटेत पाव तास थांबलो की पुन्हा सुरू होता होत नाही. आमची गाडी १९९७ सालची, जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरची. यजमान गेल्यावर ती माझ्याकडे राहिली. या दुखण्यापायी मुलगा म्हणू लागला, "आई, आता भंगारात दे." त्याचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. पण त्याच गाडीतून आपल्या मंडळातल्या वयस्क भगिनी वाईहून साताऱ्याला डोळे तपासायला जातात. गाडी गेली की त्यांनी एस. टी.च्या फलाटावर उभे राहायचे, हे मला पटेना.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तर कसोटीच लागली. आमच्या आत्याबाईंचे मोतीबिंदू काढून आम्ही परत येत होतो. एका डोळ्यावर पट्टी, वय एक्क्याऐंशी. पाचवडला औषधाच्या दुकानापाशी गाडी थांबवली, थेंबांची बाटली घेतली, आणि किल्ली फिरवते तो काय, स्टार्टर जोमात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही. दुपारचा एक वाजलेला, सावलीला झाड नाही. आत्याबाई पदराने वारा घेत म्हणाल्या, "सूनबाई, हिला तहान लागली असेल गं, पाणी पाज." भोवती चारजण जमले. एकाने सांगितले बॅटरी गेली, दुसऱ्याने सांगितले स्टार्टर बदला, तिसरा म्हणाला पायाने ॲक्सिलरेटर भराभरा मारा. शेवटी आत्याबाईंना शेजारच्या घरी ओसरीवर बसवले. पाऊण तासाने गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू झाली!

त्या दिवसापासून मी एका वहीत टिपून ठेवू लागले. किती वेळ थांबलो, ऊन किती होते, वास कसला आला, स्टार्टर कसा फिरला. दोन आठवड्यांत एक गोष्ट लख्ख दिसली. मिनिटभर थांबून किल्ली फिरवली तर गाडी सुरू होते. दोन तासांनी फिरवली तरी सुरू होते. अडते ती दहा मिनिटांपासून पाऊण तासापर्यंतच. बॅटरीच मेली असती तर तिने अशी वेळ पाळली नसती.

याचे कारण स्वयंपाकघरातलेच आहे. जाड बुडाच्या पातेल्यात दूध तापवताना गॅस बंद केला तरी साय फुगून वर येते ना? तसेच इंजिनचे. गाडी चालू असते तोवर पाणी खेळत असते आणि वारा लागत असतो. बंद केली की आमच्या जुन्या गाडीत पाणीही थांबते, पंखाही थांबतो, आणि लोखंडात साठलेली धग वर चढू लागते. म्हणजे गाडी उभी केल्यावर पहिली काही मिनिटे बॉनेटखाली अधिकच तापते. इंजिनातले पाणी नव्वद अंशांच्या आसपास असते, आणि पेट्रोलचा हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांपासूनच उडू लागतो. मग व्हायचे ते होते.

येथे नीट लक्ष द्या, कारण एकाच लक्षणाची दोन उलट दुखणी आहेत. पहिल्यात कार्बोरेटरच्या वाटीतले पेट्रोल उकळून खाली इंजिनात सांडते. पेट्रोल फार, हवा थोडी. प्लग ओले होतात आणि ठिणगी वाया जाते. दुसऱ्यात पेट्रोलच्या नळीत किंवा पंपात वाफ कोंडते. पंप पातळ पदार्थ ढकलू शकतो, वाफेला तो नुसताच दाबत राहतो, कार्बोरेटर कोरडा. एकीकडे अजीर्ण, दुसरीकडे उपास. औषध एकच कसे चालेल?

ओळखायचे नाकाने. किल्ली फिरवल्यावर पेट्रोलचा उग्र वास आला तर अजीर्ण समजा. अशा वेळी ॲक्सिलरेटर भराभरा मारणे म्हणजे पोट बिघडलेल्याला श्रीखंड वाढणे, कारण प्रत्येक दाबाला पेट्रोलची आणखी एक पिचकारी आत जाते. पाय एकदाच तळापर्यंत दाबून तसाच धरून ठेवा आणि स्टार्टर फिरवा; भरपूर हवा आत जाऊन सांडलेले पेट्रोल निघून जाते. दहा सेकंदांहून अधिक फिरवू नका, मध्ये विसावा द्या. चोक तर मुळीच ओढू नका. वास अजिबात नसेल तर बॉनेट उघडून थांबा, आणि पंपावर व नळीवर ओले फडके ठेवा. फक्त फडके. तापलेल्या इंजिनावर बादलीभर पाणी ओतले तर लोखंडाला तडा जाईल. आणि रेडिएटरचे झाकण तापलेले असताना उघडायचे नाही, मग कोणी मोठा जाणकार सांगत असला तरी. पेट्रोल ठिबकताना दिसले तर किल्लीला हातच लावू नका, सगळ्यांना दूर करा.

वासही नाही, फडक्यानेही गुण नाही, आणि चालता चालताच तापलेली गाडी बंद पडते, असे असेल तर इग्निशन कॉइल किंवा कंडेन्सरकडे पाहावे. त्यातले तांब्याचे वेटोळे तापले की ठिणगी अशक्त होते. स्टार्टरच जड, दमल्यासारखा फिरत असेल तर बॅटरीच्या जाड तारा, त्यांची गंजलेली टोके आणि अर्थिंगची पट्टी आधी घासून घट्ट करून घ्या. हे फुकटात होते, आणि स्टार्टर बदलायला पैसे पडतात.

आमच्या गाडीत वास होता. वही घेऊन मी मिस्त्रींकडे गेले. ते म्हातारे गृहस्थ, त्यांनी ती चष्मा लावून शांतपणे वाचली आणि म्हणाले, "ताई, रोगी असा बोलला म्हणजे आमचे अर्धे काम होते." कार्बोरेटर उतरवला, तेव्हा त्याखालची बेकेलाइटची जाड चकती जागेवर नव्हतीच. पूर्वीच्या कुठल्यातरी दुरुस्तीत तिच्याऐवजी पातळ कागदी गॅसकेट बसले होते. इंजिनची धग कार्बोरेटरला लागू नये म्हणून ती चकती असते. शिवाय वाटीतली सुई झिजून पेट्रोलची पातळी वर गेली होती, आणि पेट्रोलची नळी धुराच्या तापल्या नळीला जवळजवळ टेकली होती. चकती घातली, सुई बदलली, नळी लांबून वळवून घेतली. सगळा खर्च नव्या बॅटरीच्या पाव किमतीतही आला नाही.

तुमच्यापैकी बहुतेकींच्या गाड्या नव्या, इंजेक्शनच्या. त्यांत कार्बोरेटर नाही, पेट्रोल दाबाने येते, म्हणून हा त्रास कमी. तरी झालाच, तर किल्ली नुसती 'ऑन' करून दोन सेकंद थांबा, बंद करा, असे दोन-तीनदा करून मग स्टार्टर फिरवा. पंपाला दाब भरायला वेळ मिळतो. एवढ्यावर नेहमी सुरू होत असेल तर दाब कुठेतरी गळतो आहे. नाहीतर तापमान सांगणारा किंवा इंजिनचे फिरणे मोजणारा सेन्सर तपासायला सांगा. हा दुसरा तापला की मुका होतो आणि थंड झाला की शहाण्यासारखा बोलू लागतो. जुन्या गाड्यांच्या मालकिणींना आणखी एक सांगते: आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते जुन्या रबरी नळ्यांना सोसत नाही. त्या मऊ किंवा तडकलेल्या आहेत का, हे सर्व्हिसिंगच्या वेळी हाताने चाचपून पाहा.

आत्याबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचे काम मागच्या एप्रिलमध्ये झाले. येताना पाचवडला त्याच दुकानापाशी थांबलो, वीस मिनिटे. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. आत्याबाई म्हणाल्या, "आता चहा तरी घेऊ दे ना!"

ज्यांना साताऱ्याला यायचे आहे त्यांनी नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. गुरुवारी गाडीत तीन जागा आहेत. आणि येताना प्रत्येकीने पाण्याची एक बाटली व एक जुने फडके बरोबर आणावे.