गिरणी थांबली, उरली

फिनलंडमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याने व्हेर्ला अवश्य पाहावे. १८७२ साली तेथे लाकडाचा लगदा करणारी गिरणी निघाली. पुढे पुठ्ठाही होऊ लागला. १९६४ साली ती बंद पडली. पण यंत्रे भंगारात गेली नाहीत. १९७२ साली तेथे संग्रहालय झाले. १९९६ साली युनेस्कोने त्यास जागतिक वारसा मानले. वाटाड्या आत नेतो आणि कामगार कसा राबे ते समजावतो. त्या देशात रानही असेच सर्वांचे : जमीन कोणाचीही असो, नासधूस न करता रानफळे व अळंबी कोणीही वेचावीत. आम्ही कामगार एवढेच विचारतो : गिरणगावचे भोंगे थांबले; नातवंडांचा हात धरून आम्ही कोणता साचा दाखवावा?