लंडनची कोठडी आणि आपली पावती

(वनहक्क दावेदारांच्या मेळाव्यातलं भाषण. बोललं गेलं तसंच, थोडं आटोपशीर करून.)



मागच्या बैठकीत एका आजीनं विचारलं, "सगळ्या देशांची सरकारं मिळून भ्रष्टाचार मोडणार म्हणतात. त्यात आमचं काय?" प्रश्न रास्त आहे. येडशीच्या डोंगराकडेला नाहीतर कळंबच्या माळावर राहणाऱ्याला लंडन काय अन् हाँगकाँग काय! पण एक गोष्ट अशी आहे, की ती लंडनहून फिरून आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या जमिनीपाशी येते. तीच सांगतो.

2018 साली मुंबईतल्या पंजाब नॅशनल बँकेच्या एका शाखेतला घोटाळा उघडा पडला. तेरा हजार कोटींच्या वरचा. बँकेच्या नावानं हमीपत्रं निघाली, पण बँकेच्या मुख्य नोंदीत ती चढवलीच नाहीत. त्या हमीवर परदेशात पैसा उचलला गेला. हिरे व्यापारी नीरव मोदी हा मुख्य आरोपी. बँकेच्या अधिकाऱ्यांवरही आरोपपत्र झालं. पण बोभाटा व्हायच्या आधीच हा गडी देशाबाहेर गेलेला.

आता आपला फौजदार काही लंडनला जाऊन बेड्या घालू शकत नाही. त्याला दोन सरकारांचा करार लागतो. भारत आणि ब्रिटनचा तसा करार 1992 सालचा आहे. त्याच्या आधारानं मार्च 2019 मध्ये लंडनला अटक झाली. मग कोर्टात वाद निघाला, की मुंबईची आर्थर रोड जेल माणसाला ठेवण्याजोगी आहे का? आपल्या सरकारनं बराक नंबर 12 चं चित्रीकरण लंडनच्या कोर्टाला दाखवलं. 2021 ला खालच्या कोर्टानं, तिथल्या मंत्र्यानं होकार दिला. नोव्हेंबर 2022 ला हायकोर्टानं त्याचं अपील फेटाळलं. एका आरोपीसाठी इतकी वर्षं! तिकडं हाँगकाँगहून जून 2020 मध्ये हिऱ्या-मोत्यांची 108 पार्सलं मुंबईला परत आणली. किंमत सांगितली 1350 कोटी.

म्हंजे सरकारांनी मनावर घेतलं तर समुद्रापलीकडचा माल परत येतो. हे खोटं नाही.

आता जमिनीचं ऐका. जप्त मालमत्तेत नगर जिल्ह्यातली जमीन आणि सौर प्रकल्पही होता. मार्च 2018 मध्ये कर्जत तालुक्यातल्या खंडाळ्याचे शेतकरी त्या रानात शिरले, ट्रॅक्टर घातला. त्यांचं म्हणणं, आमची जमीन मातीमोल भावात गेली. पण जप्त मालावर हक्क सांगायचा तर कागद लागतो. बँकेकडं कागद होते. शेतकऱ्याकडं काय होतं? खरेदीखतावरचा स्वतःचाच अंगठा.

आजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. सरकारं चोर पकडतील. पण माल कुणाच्या घरी परत जाईल, ते कागदावर ठरतं.

संयुक्त राष्ट्रांचा भ्रष्टाचारविरोधी करार आहे. 14 डिसेंबर 2005 ला लागू झाला. भारतानं 9 मे 2011 ला त्याला मान्यता दिली. आता आपली तारीख आठवा. वनहक्क कायद्यात कसणूक कधीच्या आधीची लागते? 13 डिसेंबर 2005! एका दिवसाचा फरक. त्या कराराच्या 13 व्या कलमात लिहिलंय, की भ्रष्टाचार रोखायच्या कामात सरकारनं लोकांना आणि त्यांच्या संघटनांना सहभागी करून घ्यावं, माहिती द्यावी. म्हंजे आपण हिशेब मागतो तो उर्मटपणा नव्हे. सरकारनं जगापुढं सही करून ते कबूल केलंय.

माझंच सांगतो. मोजणीच्या वेळी माझ्याकडं चहापाणी मागितलं. दिलं. पावती नाही. पुढं दावाच "सापडत नाही" म्हणाले, एकदा नाही, दोनदा. पैसे गेले त्याचं दुःख नाही. दावा दिला होता हे दाखवायला माझ्याकडं चिटोरं नव्हतं, त्याचं आहे.

म्हणून गावात जाऊन एवढं करा.

एक, दाव्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. झेरॉक्स वनहक्क समितीकडं ठेवा.

दोन, पुरावे किमान दोन जोडा. म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून घ्या, तोही पुरावा धरतात. माणसं आहेत तोवर घ्या.

तीन, दावा नामंजूर झाला तर लेखी कारण मागा. 60 दिवसांत वरच्या समितीकडं जा.

चार, फाईल दडली तर दहा रुपये भरून माहिती अधिकारात अर्ज टाका. पैसे मागितले तर लाचलुचपत खात्याला 1064 वर फोन करा. पैसे देण्याआधी करा, दिल्यावर नाही.

लंडनच्या कोर्टात बराकीचं चित्रीकरण चालतं, तर आपल्या ग्रामसभेचा ठराव का चालू नये? तोही पुरावाच आहे. फक्त तो लिहिलेला, सह्या-अंगठ्यांचा आणि आपल्या कपाटात पाहिजे.

बोला, जमीन आमच्या हक्काची! जिंदाबाद!