शाहू महाराज : एक साताऱ्याचे, एक कोल्हापूरचे

मंडळी, मागच्या आठवड्यात वर्गात एक प्रश्न निघाला. एका काकांनी विचारले, "पोरं शाळेत घाला म्हणणारे शाहू महाराज औरंगजेबाच्या कैदेत होते ना?" निम्मा वर्ग म्हणाला होय, निम्मा म्हणाला नाही. म्हणून आज त्याच गोष्टीवर बोलू.

गावात एका नावाचे दोघे असले, तर टपालवाला काय विचारतो? बापाचे नाव आणि वाडी. इथेही तसेच करायचे.

पहिले शाहू साताऱ्याचे. हे शिवाजी महाराजांचे नातू, संभाजी महाराजांचे पुत्र. जन्म १६८२. मूळ नाव शिवाजी. १६८९ साली रायगड मोगलांच्या हाती गेला. तेव्हा आई येसूबाई आणि सात वर्षांचा हा मुलगा कैद झाले. औरंगजेब १७०७ साली मेला, मग मुलाची सुटका झाली. आत गेला तेव्हा पोर, बाहेर आला तेव्हा पंचवीस वर्षांचा गडी. आई मात्र मागेच अडकली, पुढे बारा वर्षांनी सुटली. घरी आले तर राज्यावर काकू ताराबाई! खेडला लढाई झाली. १७०८ साली शाहू साताऱ्यास गादीवर बसले. पुढे सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या. १७३१ साली वारणेच्या तहाने दोघांची हद्द ठरली. बाळाजी विश्वनाथ आणि बाजीराव यांना पेशवे केले ते ह्याच शाहूंनी. ते १७४९ साली वारले.

आता दुसरे. पहिले गेल्यावर सव्वाशे वर्षांनी, १८७४ साली, कागलच्या घाटगे घराण्यात एक मुलगा जन्मला. नाव यशवंत. दहाव्या वर्षी तो कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेला आणि त्याचे नाव शाहू ठेवले. गंमत बघा, दोघांचेही पाळण्यातले नाव वेगळेच! आणि साताऱ्याशी ज्या गादीची भाऊबंदकी, तिच्यावर साताऱ्याच्या राजाचे नाव आले.

ह्या शाहूंनी १९०२ साली हुकूम काढला, की संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासलेल्या लोकांना द्याव्यात. त्यावर पुष्कळांनी तोंडे वाकडी केली. भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधायला घेतले तेही ह्यांनीच. आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत अन् सक्तीचे केले. मूल शाळेत धाडले नाही, तर बापाला महिना एक रुपया दंड! त्या काळचा रुपया, बरं का.

हे ऐकून आपल्या वर्गातल्या एक आजी म्हणाल्या, "तो कायदा आमच्या गावी असता, तर मी आता साठीत पाटी धरली नसती." आम्हांला उत्तर सुचले नाही.

१९१९ साली कानपूरला कुर्मी समाजाच्या सभेत त्यांना 'राजर्षी' म्हटले गेले. म्हणून कुठे 'राजर्षी शाहू' वाचले, तर समजा कोल्हापूरचे. नुसते 'शाहू महाराज' असेल, तर पुढे साल लिहिलेय का पाहा. राजर्षी १९२२ साली मुंबईत वारले. वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

तर आता पाटी घ्या. फळ्यावर चार आकडे आहेत : १६८२, १७४९, १८७४, १९२२. कुठल्या आकड्यापुढे सातारा लिहायचे आणि कुठल्यापुढे कोल्हापूर? काका, तुम्हीच सुरुवात करा.