मांजराचे दुखणे कसे ओळखावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, चूल सांभाळणारी बाई. भाषणाची सवय नाही. पण 'तुमच्या घरी नेहमी मांजरे असतात, त्यावरच बोला' असा सगळ्यांनी आग्रह केला, म्हणून उभी राहिले.

आमच्याकडे सोन्या नावाचा पिवळा बोका होता. मागच्या उन्हाळ्यात तो सारखा वाळूच्या घमेल्यात जाऊन बसू लागला. कण्हायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. मला वाटले, पोट साफ होत नसेल. मी त्याला एरंडेल पाजले नि स्वयंपाकाला लागले. दुसऱ्या दिवशी तो ओकू लागला, तेव्हा कोठे त्याला अमरावतीला नेले. डॉक्टर म्हणाले, "बाई, पोट नाही, लघवी तुंबली आहे. कालच आणायला हवे होते." बोक्याचा लघवीचा मार्ग अरुंद असतो. त्यात खडा किंवा गाळ अडकला, की विष अंगात भिनते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. सोन्या वाचला नाही. घमेल्यातली वाळू कोरडी होती. तेवढे जरी मी पाहिले असते!

मूल आजारी पडले तर रडते, गाय रवंथ सोडते. मांजर मात्र दुखणे लपवते. खाटेखाली, कपाटामागे जाऊन बसते आणि आपण म्हणतो, झोपले असेल. म्हणून केर काढता काढता रोज चार गोष्टी पाहाव्या.

पहिली, ताटली. एक दिवस पूर्ण उपाशी राहिले तर थांबू नये. उपासाने मांजराचे लिव्हर बिघडते. म्हातारे मांजर एकाएकी फार पाणी पिऊ लागले, तर मूत्रपिंडाची शंका घ्यावी. दुसरी, वाळू. ती ओली आहे की कोरडी, रक्त आहे का, हे पाहावे. तिसरी, अंग. मांजर स्वतःला चाटेनासे झाले, केस विस्कटले, हिरड्या पिवळ्या किंवा पांढऱ्या पडल्या, की समजावे. अंग गरम लागले म्हणून लगेच ताप समजू नये. मांजराचे अंग शंभर ते एकशे दोन डिग्री असतेच. चौथी, श्वास. बसल्या जागी तोंड उघडून धापा टाकत असेल, तर लगेच दवाखाना गाठावा.

आणि एक हात जोडून सांगते. आपल्या तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. तिचा लहानसा तुकडाही त्याचा जीव घेतो. घरचे औषध करण्यात वेळ घालवू नका. अमरावती जवळच आहे, आणि अकोल्याला तर पशुवैद्यकाची मोठी संस्थाच आहे.

आता आमच्याकडे मनी आहे. सकाळी चहाचे आधण ठेवण्याआधी मी तिचे घमेले पाहून येते. घरचे हसतात. हसू देत. सोन्याच्या वेळी माझे डोळे मिटलेले होते. तुमचे उघडे राहावेत, एवढेच सांगायचे होते.