कुत्र्याची भाषा ओळखा



आपल्या देवगाव फाट्यावर कुत्री काही कमी नाहीत, आणि लेकरं त्यांच्यातूनच शाळेला जातात. म्हणून हे दोन शब्द.

शेपटी हलली म्हणजे कुत्रं लाडात आलं, असं आपण धरून चालतो. तसं नेहमीच नसतं. अंग सैल आणि शेपटी मोकळी असेल तर ते खुशीत असते. शेपटी ताठ, अंग आखडलेले, नजर रोखलेली असेल तर तो इशारा समजावा. शेपटी पायात, कान मागे, सारखे ओठ चाटणे ही भीतीची लक्षणे. आणि भ्यालेले कुत्रेही चावते. गुरगुरणे म्हणजे 'लांब राहा'. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. अंगावर आले तर पळू नका. हात अंगाशी धरून गप उभे राहा.

चावलेच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची भरू नका. मंत्र-तंत्र नको. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. आता पोटात 14 सुया घ्याव्या लागत नाहीत, लस दंडात देतात. 1885 साली लुई पाश्चर यांच्या लसीने जोसेफ मायस्टर हा 9 वर्षांचा मुलगा वाचला. मात्र रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर बहुधा कोणी वाचत नाही.

मायबापहो, मार बसेल म्हणून लेकरू चावा लपवते. त्याला रागावू नका, आधी जखम धुवा.