छपराचं वजन

(युवक शिबिरातलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट करून.)



मला सांगितलं गेलं, परदेशातला अनुभव सांगा. परदेश म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांपुढं काचेच्या इमारती उभ्या राहतात. मी राहिलो ती लाकडी खोली होती. सहा चटयांची. जपानी लोक खोली चटयांवर मोजतात. सहा चटया म्हणजे बीडीडी चाळीतल्या खोलीपेक्षाही लहान. १९९२ साली मी कोबे शहरात एका भारतीय हॉटेलात तंदूर सांभाळायला गेलो. खोली मिळाली नागाता भागात. दुसरीकडं मिळालीच नाही. परदेशी माणूस म्हटलं की एजंट हसून, वाकून, चहा पाजून नाही म्हणायचे. आपल्याकडं दार आपटतात, तिकडं वाकतात. अर्थ तोच.

नागाता म्हणजे चपलाबुटांचा भाग. खऱ्या कातड्याचे नव्हेत, रेक्झिनसारख्या मालाचे. त्यांना तिकडं केमिकल शूज म्हणतात. एका घरात वरचा भाग शिवायचा, दुसऱ्यात तळ चिकटवायचा, तिसऱ्यात खोकी भरायची. गल्लीत शिरलं की सोल्यूशनचा वास. मला तो वास घरचा वाटला. काम करणारे कोण? जपाननं कोरिया गिळला तेव्हा पोटासाठी आलेल्या किंवा ओढून आणलेल्या कोरियनांची पोरंनातवंडं. व्हिएतनाममधनं बोटीतनं पळून आलेले. आणि बुराकू.

बुराकू म्हणजे काय ते तुम्हाला फार समजावून सांगायला नको. मेलेली जनावरं ओढा, कातडं कमवा आणि गावाबाहेर राहा. रंग तोच, भाषा तीच, चेहरा तोच. १८७१ साली सरकारी हुकूम निघाला, ही जात संपली म्हणून. हुकमात संपली, नोंदवहीत राहिली. कुठली वस्ती बुराकूंची, याच्या छापील याद्या मोठमोठ्या कंपन्या चोरून विकत घेत होत्या, हे उघडकीला आलं थेट १९७५ साली. ज्या देशात रंगावरनं ओळखता येत नाही तिथं पत्त्यावरनं ओळखतात. आपल्याकडं आडनाव, तिकडं पत्ता. या लोकांनी १९२२ साली क्योटोत आपली संघटना उभी केली, महाडच्या पाच वर्षं आधी. हे आपल्याला शाळेत कुणी शिकवलं नाही. शिकवणारही नव्हतं.

आता भूकंप. १७ जानेवारी १९९५, मंगळवार, पहाटे ५ वाजून ४६ मिनिटं. थंडी, काळोख. रात्री हॉटेल बंद करून मी एक वाजता झोपलेला. आधी खालनं कुणीतरी पहारीनं ठोसल्यासारखं झालं. मग खोली आडवी फेकली गेली. वीसेक सेकंद. वीस सेकंदांत माणूस काही करत नाही, हे ध्यानात ठेवा. टेबलाखाली जा, दार उघडा, असं शिकवतात; मी फक्त चटईला धरून होतो. थांबलं तेव्हा खिडकीबाहेर रस्ता दिसला, बरोबरीला. मी तर वरच्या मजल्यावर राहत होतो. रस्ता वर आला नव्हता. खालचा मजला नाहीसा झाला होता.

खाली एक कोरियन म्हातारी राहायची. दिवसभर बुटांना बक्कल लावायची. तिला कुणी काढलं? पोलीस नाही, अग्निशामक नाही, लष्कर तर फार उशिरा आलं. शेजाऱ्यांनी काढलं. समोरचा बुटांचा कारखानदार गाडीचा जॅक घेऊन आला, एकजण करवत, एकजण पहार. आणि सगळ्यात मोठं हत्यार होतं माहिती. शेजारीण म्हणाली, ती पुढच्या खोलीत झोपत नाही, मागं कपाटाशेजारी झोपते, गुडघे दुखतात म्हणून. मग मागनं छप्पर कापलं. चार तासांनी म्हातारी बाहेर आली, पाय मोडलेला, शिव्या देत. पुढं तिकडच्या अभ्यासकांनी अंदाज काढला, की ढिगाऱ्यातनं ज्यांना दुसऱ्यानं बाहेर काढावं लागलं त्यांतल्या चारांपैकी तिघांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं. सरकार नावाची गोष्ट उरलेल्या एकासाठी आली.

शेजारच्या घरातला कॉलेजचा पोरगा मात्र गेला. स्वस्तात पडतं म्हणून तोही तिथंच राहत होता.

एकूण ६,४३४ माणसं मेली. बहुतेक जण दाबून, गुदमरून. जुनी लाकडी घरं आणि वर चिखलात बसवलेली जड कौलं. वादळात उडू नये म्हणून छप्पर जड करायची तिकडची रीत. १९८१ साली बांधकामाचा नियम कडक झाला. त्या नियमानं बांधलेल्या इमारती बहुतेक उभ्या राहिल्या. म्हणजे उपाय चौदा वर्षांपूर्वीच सापडलेला होता. ज्यांच्याकडं नवं घर बांधायला पैसा होता त्यांच्यापर्यंत तो पोचला. म्हातारे, विद्यार्थी, कोरियन, बूट चिकटवणारे जुन्या छपराखाली राहिले. मग आगी लागल्या. जमिनीतले नळ फुटलेले, बंबाच्या पाइपात पाणी नाही. नागाता जळत होतं आणि बंबवाले रिकामा पाइप हातात धरून उभे होते. शहरात सात हजारांच्या आसपास इमारती जळाल्या. म्हणून निसर्गाचा कोप, निसर्गाचा कोप असं जो ओरडतो, त्याला विचारा, बाबा, निसर्गाला नागाताचा पत्ता कुणी दिला?

त्या रात्री शाळेच्या व्यायामशाळेत आम्ही शेकडो जण फरशीवर होतो. कोरियन लोक गप्प. मला कळेना. मग एकानं हळू सांगितलं, १९२३ आठवतंय. त्या साली १ सप्टेंबरला टोकियो-योकोहामात भूकंप झाला, लाखाच्या वर माणसं मेली. आणि अफवा उठली, कोरियन लोक विहिरीत विष टाकतायत, आगी लावतायत. विहीर आणि विटाळ, हे गणित तिकडंही सुटतं बरं का. गल्लीगल्लीत टोळ्या उभ्या राहिल्या, पोलीस आणि सैनिकही सामील. रस्त्यात अडवून ‘पंधरा येन पन्नास सेन’ म्हणायला लावायचे. उच्चार चुकला की कापायचे. हजारो कोरियन मारले. चिबा जिल्ह्यातल्या फुकुदा गावात ६ सप्टेंबरला औषधं विकत फिरणारा पंधरा जणांचा तांडा अडवला. बोली वेगळी, म्हणून कोरियन ठरवला. नऊ जणांना मारलं, त्यांत लेकरं होती. ते जपानीच होते. बुराकू होते. कोरियन म्हणून मेले आणि बुराकू म्हणून विसरले गेले. कितीतरी दशकं त्याबद्दल कुणी ब्र काढला नाही.

१९९५ साली नागातात तसं झालं नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण फक्त वाईट तेवढंच सांगणं सोपं असतं. कोरियन शाळांनी दारं उघडली, जपानी शेजारी तिथं झोपले, त्याच पातेल्यातलं सूप प्याले. ताकातोरीचं चर्च जळालं, तिथंच व्हिएतनामी आणि जपानी पोरांनी मदतीचं ठाणं काढलं. कोरियन आणि व्हिएतनामी भाषेत रेडिओ सुरू झाला: पाणी कुठं मिळतं, दवाखाना कुठं, अफवा काय खोटी. वर्षभरानं त्यातनं अनेक भाषांचं एक वस्तीचं रेडिओ केंद्र उभं राहिलं. जेवण वाटायला यामागुची-गुमी, म्हणजे तिथला सगळ्यात मोठा गुंडांचा कारखाना, सरकारच्या आधी आला. हसू नका. खरं आहे.

सरकारी पैशाचं ऐका. घरातला कमावता मेला तर ५० लाख येन, दुसरं कुणी मेलं तर २५ लाख. पण व्हिसा संपलेला परदेशी मेला असेल तर घरच्यांना काही नाही. छपरानं कागद तपासले नव्हते, ते काम कारकुनानं केलं.

आणि आपली माणसं? चौथ्या दिवशी एक भारतीय व्यापारी घोंगड्या आणि डाळभात घेऊन शाळेत आला. चांगलं काम. मी रांगेत. म्हणाला, ‘मुंबईचे का? वा! पूर्ण नाव काय?’ सांगितलं. ‘गाव?’ सांगितलं. ‘म्हणजे तुम्ही नेमके कोण?’ बाहेर पाऊण शहर कोसळलेलं, धूर अजून निघतोय, आणि याला माझी जात पाहिजे! मी म्हटलं, ‘तंदूरवाला.’ घोंगडी घेतली. घोंगडी सोडायची नाही, दोस्तहो. ती कुणाच्या बापाची मेहरबानी नसते.

तोवर घरनं आलेल्या पत्रांतून मला किल्लारी कळलेलंच होतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, गणपती बुडवून माणसं झोपलेली. आठ हजारांच्या आसपास मेली. तिथंही मारलं छपरानंच. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या आणि वर माळवद, त्यावर वर्षानुवर्षं टाकलेली माती. पण इथं हिशेब उलटा होता. माळवद बांधायची ऐपत असलेले जास्त गेले, कुडाच्या हलक्या झोपडीतले कितीतरी वाचले. तेव्हा भूकंप गरिबालाच मारतो, असं ठोकून बोलू नका. तो जड छपराला मारतो. कोबेत ते गरिबावर होतं, किल्लारीत ऐपतवाल्यावर.

पण पुढचं बघा. ५२ गावं उठवून नवी वसवली. घर कुणाला केवढं? भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीनवाला: २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टर: ४००. सातच्या वर: ७५०. हा सरकारी नियम होता, लपवलेला नव्हता. जमीन कुणाकडं नाही हे मराठवाड्यात सांगायला ज्योतिषी लागत नाही. भूकंपानं सगळी भिंताडं एका पातळीला आणली आणि शासनानं टेप लावून पुन्हा वरखाली केली.

कोबेत उलट चूक. तात्पुरती घरं ४८ हजारांवर बांधली. म्हाताऱ्यांना, अपंगांना पहिला नंबर, बाकी चिठ्ठ्या टाकून. ऐकायला न्याय वाटतो. पण चिठ्ठीनं गल्ली फुटली. एक डोंगरापलीकडं, दुसरा समुद्रात भराव टाकलेल्या बेटावर. माझी ती म्हातारी अशाच एका लांबच्या घरात गेली. गुडघे दुखतात म्हणून ती कुठं झोपते हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या घरांत पुढच्या काही वर्षांत दोनशेच्या वर माणसं एकटी मरून पडलेली सापडली. जपानीत त्याला वेगळा शब्दच आहे, कोदोकुशी, एकटं मरण. ती त्यांत नव्हती. ती मुलाकडं ओसाकाला गेली, एवढं मला कळलं.

आता आपल्या वस्त्यांवर टॉवर येतायत. विकास म्हणतात. चाळीतली वीस घरं चौदाव्या मजल्यावर कुठं, आठव्यावर कुठं, काही संक्रमण शिबिरात, काही भाड्यानं थेट बदलापूरला. बिल्डर तुम्हाला चौरस फूट सांगतो, तुम्ही चौरस फुटांवर भांडता. भांडा, भांडलंच पाहिजे. पण करारात शेजार एकत्र ठेवायचं कलम कुणी मागितलंय का? हात वर करा. एकही नाही.

तर काम असं. प्रत्येक शाखेनं आपल्या वस्तीची वही करायची. घर नंबर, माणसं किती, म्हातारं कुठल्या कोपऱ्यात झोपतं, अपंग कोण, सिलिंडर कुठं, भाडेकरू कोण, जिन्याखाली कोण झोपतो. करवत, पहार, जॅक कुणाकडं. भिंतीला तडा असेल तर तारीख घालून. ही वही नगरसेवकाला द्यायची नाही, बिल्डरच्या माणसाला तर नाहीच. दोघांकडं ठेवायची, एक प्रत वस्तीबाहेर. जात विचारायचा रकाना त्यात नाही. रविवारी सकाळी आठला गणपतपाटलासारखं डुलत येऊ नका, वेळेवर या. वह्या मी आणल्यात.