बंद दारातला हरिपाठ
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हातात टाळ धरण्याची सवय आहे, माईक धरण्याची नाही. परंतु टाळेबंदीत आपल्या भजनी मंडळाची घरे एकमेकींना कशी धरून राहिली, हे नव्या सुनांना कळावे असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला, म्हणून उभी राहिले.

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आपणांस आठवत असेल. त्यानंतर लोकल थांबली आणि २४ तारखेच्या मध्यरात्रीपासून सारा देश बंद झाला. लालबाग-परळच्या चाळींत एका खोलीत सहा-सात माणसे, संडास सामाईक. अंतर ठेवा म्हटले तरी ठेवायचे कुठे? आपण तीस जणी दर एकादशीला जिथे गुडघ्याला गुडघा लावून बसत होतो, त्या खोलीला कुलूप लागले.

मुलांनी आम्हांला मोबाईलवर एकत्र बसवले. पण टाळ काही जुळेना! एकीचा आवाज दुसरीकडे पोचायला क्षणभर उशीर होतो, आणि तेवढ्याने ताल मोडतो. शेवटी असे ठरले की, एकीने हरिपाठ म्हणायचा आणि बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवून घरातल्या घरात साथ करायची. ज्यांच्याकडे तसला मोबाईल नव्हता, त्यांना शेजारणीने गॅलरीतून ऐकवायचे.

पण नुसत्या भजनाने घर कळत नाही. म्हणून सहा जणींनी पाच-पाच घरे वाटून घेतली आणि एक वही घातली. रोज फोन करायचा. "बऱ्या आहात ना?" असे विचारले की, सगळ्याच "बरी आहे" म्हणतात. म्हणून आम्ही विचारू लागलो, "आज काय शिजवलेत? गोळ्या किती दिवसांच्या उरल्या?" मग खरे बाहेर येई. कुणाचे तांदूळ संपलेले, कुणाच्या मुलाचा पगार थांबलेला.

आता माझी चूक सांगते. माझ्या वाट्याच्या एका मावशींचा फोन लागेना. मी म्हटले, गावी गेल्या असतील. गाड्या बंद असताना गावी जातील कशा, एवढे माझ्या डोक्यात आले नाही! त्यांच्या फोनचे पैसे संपले होते. यजमानांना इस्पितळात नेले होते, ते परत आले नाहीत. शेवटचे दर्शनही झाले नाही. मावशी पाच दिवस खोलीत एकट्या होत्या. पुढे भेटले तेव्हा रागावल्या नाहीत. "तुझी वाट पाहत होते गं," एवढेच म्हणाल्या. त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. त्यांना विचारूनच हे सांगते आहे.

त्या दिवसापासून वहीत नियम लिहिला: जिचे उत्तर येत नाही, तिच्या शेजारचे दार त्याच दिवशी गाठायचे.

त्या वर्षी आषाढीला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीस गेल्या. लालबागच्या राजाची मूर्ती बसली नाही. त्या मंडळाने रक्तदान आणि प्लाझ्मादान घडवले. म्हणजे रीत बदलली, पण सेवा सुटली नाही. १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, देवळे उघडली तेव्हा आम्ही कळसाला हात जोडले आणि आधी मावशींच्या घरी गेलो.

भगिनींनो, टाळेबंदी सरली, पण घरी अडकलेल्या बायका सरल्या नाहीत. कुणाचे गुडघे जिना उतरू देत नाहीत, कुणी अंथरुणावरच्या सासूबाईंपाशी बांधलेली. चाळी पाडल्या जात आहेत आणि आपली माणसे विरार, डोंबिवली, बदलापूरला पांगली आहेत. तिथे शेजारीण ओळखीची नाही, म्हणजे दार वाजवणारेही कुणी नाही. तेव्हा वही बंद करून चालायचे नाही.

माझी एकच विनंती आहे. आज घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने वहीतली दोन घरे आपल्या नावावर लिहून घ्यावीत, आणि त्यांच्या शेजारचा एक नंबरही मागून ठेवावा. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवली आहे.

एवढे बोलून आपली रजा घेते. रामकृष्णहरी!